दादाच्या इंजिनाचा पंप

काल दवाखान्यात स्पिरिटचा वास आला आणि आचऱ्याच्या आमच्या घराच्या पडवीतलं, स्पिरिटच्या दिव्यावर चालणारं दादाचं छोटं वाफेचं इंजिन आठवलं.

दादा कामाला होता त्या बोटीच्या इंजिनरूममध्ये आग लागली, तेव्हापासून दादा नोकरी सोडून घरीच होता. हे इंजिन त्याने पहिल्यांदा नुसतंच चालवलं, तर ते सुसाट सुटलं. दादा कान झाकून अंगणात निघून गेला. मग त्याने इंजिनाला एक पितळी पंप जोडला. बादलीतलं पाणी ओढताना चाक संथ झालं.

"तेका काम गावला गो. आता ता पिसाळूचा नाय," तो मला म्हणाला.

दादा सावरला, घरात रमला, असं वाटून मी निर्धास्त झाले. आता कळतं, तो बोटीवर परतायचा धीर गोळा करत होता. पावसाळा सरताच तो पुन्हा बोटीवर गेला. त्या खेपेहून तो परत आला नाही.