पन्हळीतला धूर

खात्यात सगळे तिला धूरवाली म्हणत आणि तिला ते मनापासून आवडायचं. काम सांडपाण्याच्या वाहिनीचं, पण थाट जादूगाराचा. रस्त्यातलं झाकण उघडायचं, त्यावर पंखा बसवायचा आणि पांढरा, कुणाला न बाधणारा धूर आत सोडायचा. मग गल्लीत हिंडत वर बघत राहायचं. छपरावरच्या हवेच्या नळीतून धूर आला तर ठीक. पावसाच्या पन्हळीतून आला, तर त्या घराचं पावसाचं पाणी सांडपाण्यात शिरतंय हे नक्की. तिथं खडूनं फुली. एवढं पाणी त्या वाहिनीत मावत नाही, आणि जे मावत नाही ते घाणीसकट सगळ्यात खालच्या घरातल्या मोरीतून वर येतं.

सगळ्यात खालचं घर होतं ताईचं, तिच्या थोरल्या बहिणीचं. दर मोठ्या पावसात ताई काय काय उपसायची ते इथं सांगत नाही, कुणी जेवता जेवता वाचत असेल. यंदा तिनं स्पष्टच सांगितलं होतं, "आणखी एकदा वर आलं ना, की हे घर विकून आम्ही चाललो." ताई जाणार होती मुलाकडे, आणि त्याचं गाव विमानानंच गाठावं इतकं लांब होतं.

म्हणून त्या दुपारी धूरवाली ताईच्या घराच्या वरच्या अंगाला, चढावरच्या गल्लीत आली. दोघी इथंच वाढल्या. बाबा अजून इथंच राहत. बाबा जन्मभराचे प्लंबर, आणि आपल्या गल्लीत एकही अंगण ओलं होत नाही याचा त्यांना कोण अभिमान! घरोघरचे पावसाचे पाइप त्यांनी हौसेनं जमिनीखाली जोडून दिले होते. लहानपणी दोघी बहिणी भिंतीला कान लावून निजत. पलीकडे पाइपातून पाऊस उतरत असे, कुणी झोपेत पुटपुटावं तसा.

"बाबा, पाणी कुठं गेलं?" ताई विचारायची.

"गेलं खाली. झोपा आता."

खाली म्हणजे कुठं, यावर दोघींनी अख्खं गाव वसवलं होतं. तिथं पाण्याच्या पायऱ्या होत्या, पाण्याची दारं होती, आणि दिवेसुद्धा ओलेच.

पंखा सुरू झाला. वारा पडलेला. बराच वेळ काहीच नाही. मग समोरच्या पन्हळीतून एक पांढरी बट सुटली, तिच्या शेजारून दुसरी, आणि बघता बघता गल्लीभर धूर चढू लागला. ऊन दुधाळ झालं. घरं जमीन सोडून तरंगायला लागल्यासारखी वाटली. धूरवाली खडू विसरून उभी राहिली. इतकं सुंदर तिनं या नोकरीत काही पाहिलं नव्हतं. मग तिला पाइपांच्या सांध्यांवरचे निळे पट्टे दिसले. काम संपलं की बाबा तसा रंग लावत. सगळ्यात शेवटी धूर आला तो त्यांच्याच घराच्या पन्हळीतून.

बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते.

"काय गं, खडू हरवला का?"

"बाबा, आत जा. धूर बाधत नाही, पण खोकला येतो."

"माझ्या पाइपांतून येतोय," बाबा म्हणाले. मग उताराकडे बघत, "ताईच्या मोरीत येतं ते हेच पाणी?"

खोटं बोलायचं तर हीच वेळ होती. तिनं 'हो' म्हणून मान हलवली.

"मला वाटायचं, नदीला जातं. कधी खाली बघायला गेलोच नाही." त्यांनी हात पुढे केला. "आण तो खडू."

पहिली फुली त्यांनी आपल्याच पाइपावर मारली आणि करवत आणायला आत गेले. पुढे ते दारोदार फिरले. ज्यांना फुकट जोडून दिलं होतं त्यांनीच चार शब्द ऐकवले.

"तेव्हा तुम्हीच जोडलंत ना?"

"मीच. म्हणून मीच कापतोय."

कुणी कुरकुरलं, कुणी दार लावून घेतलं. बाबा दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. कापून कापून हात सुजले, पण गल्लीत एकही निळा पट्टा उरला नाही.

आणि मग तो पाऊस आला. धूरवाली ताईकडे होती. मोरीच्या कट्ट्यावर दोघी जाळीकडे टक लावून बसल्या. बाहेर रस्ता दिसेनासा झाला. एकदा जाळीखाली गुरगुर झाली, चढत चढत अगदी काठाशी आली. ताईनं बहिणीचा हात घट्ट धरला. गुरगुर तिथंच थांबली, घुटमळली आणि उतरत गेली. मोरी कोरडी राहिली.

ताईला आधी रडू आलं, मग हसू. तिनं बाबांना फोन लावला. पलीकडून नुसता पावसाचा आवाज येत होता.

"बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहान झाला, "पाणी कुठं गेलं?"

"कुठं नाही गं. इथंच आहे. अंगणात, माझ्या पायांवर."