ताईची सही

कवळीवाल्यांना सगळे कवळीवालेच म्हणत. तीस वर्षं ते दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवत आले होते. निम्म्या शहराचे म्हातारे माझ्या दातांनी हसतात, असं ते चारचौघांत छाती फुगवून सांगायचे.

मग एक मोठी लॅब निघाली. तिथे दात कॉम्प्युटरवर कोरले जात आणि दोन दिवसांत हातात पडत. डॉक्टर तिकडे वळू लागले, तसं कवळीवाल्यांनीही कर्ज काढून तसलंच मशीन घेतलं. बँकेला जामीनदार हवा होता. त्यांची थोरली बहीण नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेली, एकटी, स्वतःच्या दोन खोल्यांत राहणारी. ती बँकेत आली, चष्मा लावला आणि "कुठे करू रे सही?" एवढंच विचारून मोकळी झाली.

मशीन आलं, कामं काही आली नाहीत. लॅबने भाव फारच खाली आणले होते. हप्ते थकले. ते भरायला दुसरं कर्ज झालं, मग क्रेडिट कार्डं. बायको शाळेत शिकवायची. वसुलीवाले तिच्या शाळेत फोन करू लागले तेव्हा कवळीवाल्यांनी हाय खाल्ली.

"आता लाज पुरे झाली," बायको म्हणाली. "वकिलाकडे चला."

वकीलबाईंचं ऑफिस औषधाच्या दुकानावर होतं. कवळीवाल्यांनी जुन्या बिलामागे प्रश्न लिहून आणले होते.

"दिवाळखोरी मागितली तर तुरुंगात टाकतात का?"

"छे हो! पैसे नसणं हा गुन्हा नाही, लपवणं हा आहे. कुणाच्या नावावर काही केलंय?"

"करायला होतंच काय?"

बाई हसल्या. "घर भाड्याचं, त्याला कोणी हात लावणार नाही. मशीन जाईल. पोटापुरती हत्यारं बहुधा ठेवतील."

"पेपरात नाव येतं?"

"नोटीस छापून येते. वाचतंय कोण?"

"आणि हिचा पगार?"

"कर्जावर त्यांची सही नाही ना? मग त्यांचा पगार त्यांचा. तुमचंही बहुतेक सगळं माफ होईल, कर आणि दंड तेवढे सुटत नाहीत."

बायकोच्या जिवात जीव आला. कवळीवाले उठता उठता, कागदावर नसलेलं विचारून बसले, "मशीनच्या कर्जाला माझ्या ताईची सही आहे. तीही सुटेल ना?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नाही. तुम्ही सुटाल. मग बँक त्यांच्याच दारात जाणार."

"मग मला अर्ज नको."

"नाही केलात तरी जाणारच. त्यांना पत्रं गेलीसुद्धा असतील."

गेली होती. ताईने कपाटातून तीन पाकिटं काढून समोर ठेवली. "मला वाटलं, तू भरशील."

"ताई, ओरड तरी माझ्यावर."

"ओरडून सुधारला असतास तर आईनेच सुधारलं असतं तुला." ती हसली आणि तिने पाकिटं उचलून पुन्हा कपाटात ठेवली. "कर अर्ज. दोघांनी बुडून काय उपयोग?"

त्यांनी अर्ज केला. वर्षाने कोर्टाचा आदेश आला. कवळीवाले कर्जातून मोकळे झाले. त्याच महिन्यात बँकेने ताईच्या खोल्या विकल्या. कवळीवाल्यांनी 'आमच्याकडे चल' म्हणून तीनदा विनवलं, पण ती वृद्धाश्रमात गेली, एका खोलीत चार खाटा असलेल्या.

कवळीवाले त्याच मोठ्या लॅबमध्ये पगारावर दात घासून गुळगुळीत करायच्या कामाला लागले. पहिला पगार झाला तसे पाकीट घेऊन ताईकडे गेले. वकीलबाई म्हणाल्या होत्या, आपल्या कमाईतून बहिणीला द्यायला कोणाची आडकाठी नाही.

ताईने पाकीट न उघडता उशीखाली सरकवलं.

"कोण हो हे?" शेजारच्या खाटेवरच्या आजींनी विचारलं.

"ओळखीचे आहेत," ताई म्हणाली. "दातांचं काम करतात."

आजी लगेच आपली कवळी कशी टोचते ते सांगू लागल्या. कवळीवाल्यांनी ती हातात घेतली, उजेडात धरून पाहिली आणि कुठे घासावी लागेल ते समजावून सांगितलं. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. भेटीची वेळ संपेपर्यंत ती वळली नाही.