आबांची कानटोपी

भाजलेल्या ओव्याचा उग्र, उबदार वास आला की लोकांना बाळंतिणीची खोली आठवते. मला आठवतो जुलैतला, ऐन हिवाळ्यातला, शिशाच्या रंगाचा समुद्र... आणि बोटीच्या कठड्याशी उभे असलेले माझे आबा – डोक्यावर चॉकलेटी कानटोपी, आणि तिच्यातून बाहेर आलेलं लालबुंद नाक.

आम्ही न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला, हिल्सबरोच्या उतारावरच्या घरात राहत होतो आणि आबा, म्हणजे आईचे वडील, डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. परतीचे दिवस जवळ आले होते आणि त्यांची एकच इच्छा उरली होती – स्वतःच्या हाताने एक मासा पकडायचा. “जन्मभर कोळणींशी घासाघीस केली,” ते म्हणत, “एकदा तरी माशाशी थेट व्यवहार होऊ दे!” पण थंडीत त्यांची छाती भरायची आणि आई काही केल्या बधेना. अखेर तह झाला. तिकीट काढून जाणाऱ्या मासेमारीच्या बोटीवर आबांनी बाबांबरोबर जायचं. पण एकदा जरी ते कुडकुडले, तर गळ ठेवून मुकाट केबिनमध्ये बसायचं. पहारेकरी म्हणून माझी, वय वर्षे नऊ, नेमणूक झाली.

त्या पहाटे आईने त्यांना नवरदेवासारखं सजवलं. अंगालगत लोकरीचा बनियन, वर तिच्या हातविणीचा स्वेटर, त्यावर बाबांचा रेनकोट. गमबूट मुद्दाम एक माप मोठे, कारण मोजे घट्ट झाले की पाय आधी गारठतात, हे तिला इथल्या पहिल्याच हिवाळ्याने शिकवलं होतं. थर्मासमध्ये आल्याचा चहा, डब्यात डिंकाचे लाडू... आणि सगळ्यात शेवटी तव्यावर भाजलेला ओवा, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात बांधून, दोन खिशांत दोन पुरचुंड्या. “थंडी कानातून शिरते आणि बोटांत मुक्काम करते,” असं म्हणत आबांनी टोपी कानांवर ओढली.

बंदर सुटताच बाबांना बोट लागली आणि ते केबिनमध्ये आडवे झाले. डेकवर डिझेलचा, खाऱ्या वाऱ्याचा, आमिषाच्या माखलीचा वास दाटला होता. शेजारचे गोरे गडी त्या गारठ्यातही चक्क हाफपँटीत उभे होते! पुरचुंड्या निवल्या तेव्हा आबा सरळ कप्तानाकडे गेले. तो तव्यावर सॉसेज परतत होता.

“व्हॉट्स दॅट, मेट?”

“अजवाइन. इंडियन हीटर,” आबा ऐटीत म्हणाले.

“स्वीट ॲज!” म्हणजे एकदम झकास, असं म्हणत त्याने तव्यावर जागा करून दिली. थोड्याच वेळात सारी बोट ओव्याने घमघमली आणि ओव्याला सॉसेजचा वास लागला.

मी सारखी विचारत होते, “आबा, आर यू कोल्ड?” ते हसून हात पुढे करत – खरोखरच उबदार हात. पण पहारेकऱ्याकडे कोण बघणार? आमिष लावून लावून माझे लोकरीचे हातमोजे भिजले होते, बोटं बधिर झाली होती. मी दात घट्ट मिटून गप्प राहिले. बाबा आडवे होते; मला आत न्यायचं म्हणजे आबांनाही आत जावं लागणार होतं.

आणि नेमका तेव्हाच आबांचा रॉड वाकला... दिवसभरातला पहिला मासा! त्यांनी आनंदाने मला दाखवायला मान वळवली आणि माझे निळे ओठ त्यांना दिसले. मग एका हाताने स्वतःची कानटोपी काढून त्यांनी माझ्या डोक्यावर चढवली, ओले हातमोजे ओढून काढले, आणि रॉड माझ्या हातात दिला.

“ओढ. अंग गरम होईल.”

“बट आबा, इट्स युअर फिश!”

“ओढ गं!”

मी रीळ फिरवत राहिले. दंड भरून आले, कानशिलं तापली – आणि पाण्यातून गुलाबी, निळ्या ठिपक्यांचा स्नॅपर वर आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आबांकडे पाहिलं. बोडक्या डोक्याने ते हसत होते, आणि कुडकुडत होते. मी काही बोलणार नव्हते, अगदी शपथेवर बोलणार नव्हते! पण तेच म्हणाले, “तह म्हणजे तह,” आणि दोन्ही पुरचुंड्या माझ्या खिशात घालून केबिनमध्ये गेले.

आबा पुन्हा न्यूझीलंडला आले नाहीत. डोंबिवलीत भेटेल त्याला ते नातीचा स्नॅपर हातभर करून सांगत. स्वतःचा मासा राहिला, हे त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. टोपीही परत मागितली नाही.

आता दर जुलैत मी त्याच समुद्रात मासे धरायला जाते. थंडीशी माझी चांगली ओळख आहे. तिला कुठून आत येऊ द्यायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पहाटे आई अजूनही ओवा भाजते.

गेल्या खेपेला माझ्या गळाला जबरदस्त ओढ लागली तेव्हा शेजारी माझी लेक दात वाजवत म्हणत होती, “आय ॲम फाइन, ममा.”

मी डोक्यावरची कानटोपी काढली.