एका काडीची बचत
नवं सिलिंडर लावताना जरासा वास सुटला की माझे हातपाय आजही गार पडतात. घरात काटकसर माझीच चालायची. गॅसची नळी तडकली, तर मी तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. बायको म्हणे, "अवो, नवी आणा ना." मी म्हणे, "कायले? हिले काही होत नाही." अंगणात आंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली असली की गॅससाठी वेगळी काडी ओढायची नाही, चुलीवरून कागद पेटवून आणायचा, हा नियमही माझाच. एका सकाळी मी स्वयंपाकघरात शिरलो तर गॅसचा उग्र वास, अन नळीवरची पट्टी सुटून लोंबत होती. रेग्युलेटर सुरू करून बायको विस्तव आणायला गेली होती. सर्दीनं तिचं नाक बंद. मी दाराकडे पाह्यलं, तर ती जळता कागद तळहाताच्या आडोशानं सांभाळत उंबऱ्यापाशी पोचलेली. ओरडून सांगायलाही वेळ नव्हता. जवळची बादली उचलली अन सगळं पाणी तिच्या अंगावर फेकलं. कागद विझला. मी रेग्युलेटर बंद केला अन खिडकी सताड उघडली. ती निथळत म्हणाली, "एक काडी वाचवाले गेली मी, अन तुमी बादलीभर पाणी सांडलं! डोस्कं फिरलं काय?" मी तसाच दुकानात गेलो अन भाव न करता नवी नळी आणली. मी किती भ्यालो होतो, हे तिला अजून सांगितलं नाही. तिला वाटते डोस्कंच फिरलं होतं, अन मी वाटू देतो.