दोनशे फोटो आणि सव्वीस कपडे

आमचे थोरले दीर शिंपी आहेत. हात कसबी, पण शब्द सैल. कपडा टाकला की "परवा न्या" म्हणतात आणि तो परवा काही उजाडत नाही. जाऊबाईंचा स्वतःचा झगा दोन वर्षं नुसता कापून पडलाय.

अशा या भाऊजींना पन्नाशीत दुर्बिणीचं वेड लागलं. जुनी दुर्बीण आणली, पृथ्वीच्या चालीने तिला हळूहळू फिरवणारी मोटर बसवली. दव धरू नये म्हणून नळीला अस्तराचा अंगरखा शिवला, तोही एका दिवसात. जाऊबाई म्हणाल्या, "सवत आणलीत ते आणलीत, पण कपडेही आधी तिलाच?"

भाऊजींना मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो हवा होता. अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे दोनशे फोटो काढून संगणकावर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे तो अंधुक ढग उठून दिसतो. पण समोरच्या इमारतीवर मजला चढत होता. आठवड्याभरात भिंत उभी राहिली की गच्चीवरून तेवढं आकाश कायमचं बंद. त्यात गल्लीतले गॅलऱ्यांचे दिवे थेट दुर्बिणीत घुसायचे.

भाऊजी दारोदार फिरले. रात्री आठ ते दहा या वेळात दिवे बंद ठेवा, म्हणून विनवू लागले. पहिलंच घर निवृत्त मुख्याध्यापिकांचं. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात.

"ठेवीन की. माझा कोट दे."

"परवा देतो, बाई."

"मग दिवाही परवा."

संध्याकाळपर्यंत ही अट गल्लीभर झाली. दातांच्या डॉक्टरांची विजार, बेकरीवाल्याचे ॲप्रन... प्रत्येक दिव्यामागे एक कपडा अडकलेला निघाला. मोजले तर सव्वीस. भाऊजींनी चार दिवस मशीनवरून मान वर केली नाही. काजं जाऊबाईंनी केली, बटणं मी लावली. पाचव्या संध्याकाळी शेवटची विजार पोचली आणि आठाच्या ठोक्याला गल्ली काळीकुट्ट झाली.

साठेक फोटो झाले असतील, तोच मोठ्या बाईंच्या गॅलरीत विजेरी पेटली.

"अरे, डावी बाही लांब झालीय."

"बाई, आधी विजेरी बंद करा."

"आधी बाही बघ."

"बाह्या सारख्याच आहेत. चाळीस वर्षं वह्यांची पिशवी डाव्या खांद्यावर वाहिलीत, तो खांदा उतरलाय."

विजेरी विझली.

बिघडलेले फोटो वगळून दीडशे उरले. रविवारी भाऊजींनी छापलेलं चित्र बाईंना नेऊन दाखवलं, आम्ही दोघी जावाही बरोबर गेलो. काळ्या कापडावर गुलाबी खडू चोळावा तसा पसरट डाग, मधोमध चार ठिपके.

"एवढंच?"

"बाई, हा उजेड तिथून तेराशे वर्षांपूर्वी निघालाय. आत्ता पोचला."

"म्हणजे तुझ्याकडेच शिवायला टाकला होता."

जाऊबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. समोर गवंडी विटांचा शेवटचा थर रचत होते. बाईंनी चित्र डोळ्यांजवळ नेलं.

"हे मधले चार कोण रे?"

"तारे. अगदी नवे, ढगातच जन्मलेले."

बाईंनी पायाने खुर्ची पुढे सरकवली. "बस. पहिल्यापासून सांग."