बर्फाखालची वाट

मे महिन्यात कॅल्गरीत बर्फ पडला, यात नवल काही नाही. नवल हे की, जन्मभर हिमनद्यांवर चढणारा आमचा हेमंत घरासमोरच्या तेवढ्याशा ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं उपसताना हार्ट अटॅकनं गेला. त्याच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होतो. "युअर फ्रेंड..." एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. मला आधी त्याचा रागच आला. अरे गाढवा, मे महिन्यातला बर्फ तो, दुपारपर्यंत आपोआप वितळला असता, आणि त्याचाच तर तू अभ्यास करत होतास!

आम्ही दोघं इथं आलो तेव्हा एकाच बेसमेंटमध्ये राहायचो. मी सॉफ्टवेअरवाला, तो बर्फवाला. हिमनदीच्या पोटातून पाणी कसं जातं, हे शोधणं त्याचं काम. वर विहिरीसारखं खोल भोक असतं, त्यात वितळलेलं पाणी धो धो पडतं आणि तळाच्या खडकापर्यंत उतरतं. तिथं तो गुलाबी रंग ओतायचा आणि खाली, जिथं बर्फातून नदी निघते तिथं, वाट बघत बसायचा. एकदा जूनमध्ये मलाही घेऊन गेला. दिवसभर कुडकुडलो, रंगाचा पत्ता नाही. मी कुरकुरत होतो आणि हा शांतपणे थालीपीठ खात होता. म्हणाला, "येईल रे. जूनमध्ये त्याला वाट नसते, फटीफटीतून चाचपडत फिरतं बिचारं. ऑगस्टपर्यंत स्वतःच्याच उबेनं बोगदा कोरतं, मग सरळ बाहेर. हिवाळ्यात बर्फाच्या वजनानं बोगदा मिटतो, की पुन्हा पहिल्यापासून." आणि तोंडातला घास तसाच ठेवून, "मी गेलो की मलाही त्याच विहिरीत सोडा." शुभ बोल रे नाऱ्या, म्हणून मी त्याला झापलं होतं.

त्याचा संसार फार टिकला नाही. मागे राहिल्या त्या वाईच्या काकू, त्याच्या आई. तो किती वर्षं बोलावत होता, पण थंडीच्या धाकानं त्या कधी आल्या नाहीत. आल्या त्या आता. अस्थी वाईला, कृष्णेत सोडायच्या, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. मी भीत भीत त्याचं बोलणं सांगितलं. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "वाहतं पाणी आहे ना रे ते? आत अडकून नाही ना बसायचा?" मी त्याच्याच शब्दांत जून आणि ऑगस्ट समजावलं.

"मग ऑगस्टपर्यंत ठेवू," त्या म्हणाल्या. "माझ्या पोराला भटकायला लावू नका."

लोक काय म्हणतील, सुतक, दिवस... काही मनात आणलं नाही त्यांनी. अस्थी हेमंतच्या घरी, हॉलमधल्या कपाटात राहिल्या आणि काकूही तिथंच. रोज दिवा लावून झाला की मला फोन करायच्या, तिकडं डोंगरात आज ऊन होतं का ते बघायला सांगायच्या. ऊन असलं की त्या दिवशी नीट जेवायच्या. ढगाळ असलं की मीच खोटं सांगायचो.

ऑगस्टमध्ये गेलो. त्याची विद्यार्थिनी केटी अस्थी घेऊन वर चढली. काकू आणि मी खाली, बर्फाच्या तोंडाशी, नदीकाठी. आँटीला दिसावं म्हणून सोबत गुलाबी रंगही ओतू का, असं केटीनं निघताना विचारलं होतं. काकूंनी मान हलवली. "नको. मला कळेल." मला तर तिथं उभं राहवेना. एवढं करड्या मातीच्या रंगाचं पाणी, त्यात काय कळणार होतं?

वॉकीटॉकीवर केटीचा आवाज आला, सोडल्या म्हणून. काकू सोबत नेलेल्या घडीच्या खुर्चीवरून उठल्या, कडेच्या दगडावर बसल्या आणि बाही सारून हात पाण्यात घातला. मिनिटभरात बोटं लाल झाली. मी म्हणालो, काकू, काढा आता, बधिर होईल हात.

"थांब," त्या म्हणाल्या, "अजून वाटेतच असेल तो."