रमजानभाईंचा डावा हात

कराडात रमजानभाई लोहारांचा धंदा कसा चाललाय, हे त्यांच्या डाव्या हातावरून कळतं. प्रत्येक नव्या पात्याची धार ते त्याच हातावरचे केस भादरून बघतात. केस उडाले तर माल पास, नाहीतर पातं परत भट्टीत. ऊसतोडीच्या तोंडावर कोयत्यांची गर्दी होते, तेव्हा तो हात तान्ह्या बाळासारखा गुळगुळीत असतो. पावसाळ्यात त्यावर लव दिसू लागली, की त्यांच्या पत्नी जरिनाभाभी चहातली साखर कमी करतात. चाळीस वर्षांत या परीक्षेशिवाय एकही पातं दुकानाबाहेर पडलं नाही, आणि पडलेलं एकही तक्रार घेऊन परत आलं नाही. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या माणसालाही ते आधी हे ऐकवतात, मग पत्रिका घेतात.

एका सोमवारी त्यांच्या दुकानात आधी मिशा आल्या आणि मग त्यांच्यामागून पाटणकडचे निवृत्त सुभेदार जोतीराम आले. डोक्यावर केस नाही, हातावर नाही. फौजेतल्या अठ्ठावीस वर्षांत जे काही उगवायचं ते सगळं वरच्या ओठावर उगवलं होतं. त्यांची अडचण अशी की, रविवारी पलटणीतले जुने दोस्त येणार होते. घरामागच्या धबधब्यापर्यंत झकास पायवाट आहे, असं सुभेदारांनी त्यांना फोनवर ठोकून दिलं होतं. धबधबा होता. वाटेच्या जागी पुरुषभर उंच घाणेरीची झुडपं माजली होती. ती सपासप तोडायला त्यांना ईशान्येकडच्या जंगलात बघितलेली, दोन फुटी, सरळसोट तलवार हवी होती. ‘तलवार’ म्हटल्यावर रमजानभाईंनी रस्त्यावर दोन्हीकडे बघून घेतलं आणि तिला लांब कोयता म्हणायची विनंती केली.

ट्रकच्या कमानीचा पाटा भट्टीत लाल झाला. भाई सांडशीत लोखंड धरतात आणि भाभी घण घालतात, अशी त्या घरची वाटणी आहे. पातं टोकापर्यंत सुतात आलं आणि तिथं भाईंचं मनगट आपोआप वळलं. चाळीस वर्षं ऊसतोडीचे कोयते केलेलं मनगट ते! टोकाला झकास आकडा आला. भाईंनी सवयीनं धार काढली, हातावर फिरवली, पास. दुसऱ्यालाही आकडा. पास. तिसराही पास. तीन उत्तम कोयते झाले, हात कोपरापर्यंत साफ झाला, शनिवार उजाडला आणि तलवार काही होईना.

“आवं, सांडशी माझ्याकडं द्या,” भाभी म्हणाल्या. “तुमच्या हातनं सरळ कायबी व्हायचं न्हाई.”

भाईंनी सांडशी दिली आणि घण उचलला. पातं ओळंब्यासारखं सरळ आलं. पाणी पाजलं, धार लावली, बाभळीची मूठ बसवली. दुपारी सुभेदार हजर. भाईंनी पातं डाव्या हातावर टेकवलं आणि थबकले. हातावर केसच नव्हता. उजव्या हातावरचे भट्टीनं केव्हाच खाल्ले होते. भाभींनी डोक्यावरचा पदर घट्ट ओढून घेतला. कागदावर बघा की, असं सुभेदारांनी सुचवलं. कागदाला काय कळतंय, असं भाईंचं म्हणणं पडलं.

“केस उडाल्याबिगर पातं ह्या उंबऱ्याभाईर जात न्हाई, सुभेदार.”

मग भाई आणि भाभी, दोघांचीही नजर हळूहळू एकाच ठिकाणी जाऊन थांबली. सुभेदार एक पाऊल मागं सरले.

“निसतं टोक,” भाई म्हणाले.

“रमजानभाई, हिला दुश्मनानंबी हात लावल्याला न्हाई.”

पण डोळ्यांसमोर रविवार होता, दोस्त होते आणि घाणेरी होती. सुभेदार सावधानमध्ये उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. पातं लोण्यातून गेल्यासारखं गेलं, टोकापाशी थांबायचं विसरून.

“पास,” भाई समाधानानं म्हणाले.

दुकानात आरसा नव्हता. सुभेदारांनी पात्यातच तोंड बघितलं. पातं चकचकीत होतं, त्यामुळे सगळं स्वच्छ दिसलं.

“दुसरीबी उडवा,” ते शेवटी म्हणाले. “तोल गेलाय.”

संध्याकाळी घरी सुभेदारांच्या बायकोनं, शालूबाईंनी दार उघडलं, हातात दोन फुटी पातं घेतलेला परका बाप्या बघितला आणि कडी घातली. “सुभेदार घरी न्हाईत,” आतून आवाज आला. “त्ये आल्यावर या.”

रविवारी दोस्त आले, तेव्हा निम्मी वाट झाली होती. उरलेली त्यांच्यादेखत झाली. पुढं घाणेरी सपासप उडवणाऱ्या गड्याच्या हाताचं त्यांनी मनापासून कौतुक केलं, आणि धबधब्यापाशी पोचल्यावर सुभेदार कधी येणार म्हणून त्यालाच विचारलं.